न्यायासनासाठी उभं राहताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नव्या वाचकांसाठी आधी चार ओळी. ऑनलाइन राजकीय सिम्युलेशनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत 'सिम'मध्ये, माणसं मिळून एक काल्पनिक देश चालवतात. संविधान लिहितात, निवडणुका घेतात, विधेयकं पाडतात, मंत्र्यांना घरी पाठवतात. यातलं जुनं नाव नेशनस्टेट्स. ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरी यांनी ते २००२ मध्ये सुरू केलं. त्या खेळाच्या यंत्रणेत न्यायालय नावाचं काहीच नाही. तिथे प्रत्येक खेळाडूचं आपलं राष्ट्र असतं; अशा राष्ट्रांच्या गटांतली, म्हणजे 'रीजन'मधली, न्यायालयं खेळाडूंनीच उभी केलेली आहेत. या वेळी नागपुरातून आणि आसपासच्या गावांतून आलेले बहुतेक प्रश्न त्याच खुर्चीबद्दल आहेत.

आमच्या सिममधले सगळे पोट्टे न्यायाधीशपदासाठी माझं नाव पुढं करून राहिले. पण न्यायाधीशानं मतं मागत फिरायचं, हेच मला पटत नाही. आपल्याकडं कुठं असं असते?
— एक वाचक, सक्करदरा

आपल्याकडे नसतंच. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश संविधानाच्या अनुच्छेद २१७ प्रमाणे राष्ट्रपती नेमतात आणि नावं कॉलेजियमकडून, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाकडून, जातात. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी न्यायाधीशांसाठी जी आचारमूल्यं स्वीकारली, त्यांत तर क्लब, सोसायटी किंवा संघटनेच्या पदाची निवडणूकही लढवू नये असं आहे. सूट फक्त कायद्याशी संबंधित संस्थांना. सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या क्लबच्या कमिटीवर निवडून यायचं म्हटलं तरी खरा न्यायाधीश अडतो.

जगात सगळीकडे असं नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत न्यायाधीश मतदानानं येतात. बोलिव्हियानं २०११ मध्ये सर्वोच्च न्यायाधीशांसाठी मतदान घेतलं, मेक्सिकोनं १ जून २०२५ रोजी. सिममध्ये निवडणूक घेण्याचं कारण मात्र साधं आहे. जेमतेम चाळीस-पन्नास जागती माणसं असतात, त्यांतून कॉलेजियम कुठून आणणार? अध्यक्षानं नेमला तर तो अध्यक्षाचा माणूस ठरतो. नेशनस्टेट्समधल्या 'द नॉर्थ पॅसिफिक' या रीजनमध्ये किमान तीन न्यायाधीश दर चार महिन्यांनी निवडून येतात आणि मुख्य न्यायाधीश ते आपसांत ठरवतात.

तुम्हाला जे पटत नाही ते मतं मागणं नसावं, निकालाचं आश्वासन देऊन मतं मागणं असावं. ते करूच नका. मी निकालाकडे कसा पोचतो, एवढं मतदाराला दाखवायचं. 'निकाल काय देईन' हा शब्द तोंडातून निघाला की उमेदवारी नासली समजा.

उमेदवारी भरण्यात नेमकं काय काय असतं? मागच्या वेळी माझा अर्ज बाद झाला आणि कारण मला आजही नीट कळलेलं नाही.
— विधी शाखेची विद्यार्थिनी, वर्धा रोड

बाद होण्याची कारणं बहुधा चारच असतात, त्यामुळे तुमचं यांपैकीच एखादं असणार.

पहिलं कारण स्वीकृतीचं. बऱ्याच सिममध्ये दुसऱ्यानं तुमचं नाव सुचवणं पुरत नाही. 'मला मान्य आहे' हे तुम्ही स्वतः, ठरलेल्या जागी, ठरलेल्या मुदतीत लिहावं लागतं. डिस्कॉर्ड या गप्पांच्या मंचावर निवडणूक अधिकाऱ्याला खासगीत 'हो' म्हटलं तर ते धरत नाहीत. अनुमोदक लागत असेल तर तोही मुदतीत हवा आणि तो त्या दिवशी नागरिक असायला हवा. गेल्या आठवड्यात नागरिकत्व गेलेला मित्र अनुमोदक म्हणून चालत नाही.

दुसरं कारण घड्याळाचं, आणि भारतीय उमेदवारांचा घात इथेच जास्त होतो. 'शुक्रवार २३:५९ यूटीसी' (जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे ५:२९. हे सोपं. पण 'शुक्रवारी रात्री ११:५९, न्यूयॉर्कची वेळ' असेल तर तिथल्या उन्हाळी वेळेत ते आपल्या शनिवारी सकाळी ९:२९ होतं आणि हिवाळी वेळेत १०:२९. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हलतात. ब्रिटनमध्ये मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे या दोघांमधलंही अंतर बदललेलं असतं. मुदत कोणत्या घड्याळाची आहे ते अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि अर्ज निदान चोवीस तास आधी टाका.

तिसरं कारण दोन पदं. मंत्री, सभापती किंवा महाधिवक्ता असताना न्यायाधीश होता येत नाही, हा नियम जवळपास सगळीकडे आहे. पण राजीनामा अर्जाआधी द्यायचा की शपथेआधी, यात फरक असतो. कायद्यात 'उमेदवार' हा शब्द आहे की 'न्यायाधीश', ते पाहा. 'उमेदवार' असेल तर राजीनामा आधी.

चौथं कारण नागरिकत्वाचे दिवस आणि हजेरी. तीस दिवस नागरिक असणं, मागच्या काही मतदानांत भाग घेतलेला असणं, अशा अटी असतात. नेशनस्टेट्समध्ये आणखी एक खाचखळगा आहे: २८ दिवस लॉगइन केलं नाही तर तुमचं राष्ट्रच नाहीसं होतं, सुट्टीची सोय लावून ठेवली असेल तर ६० दिवसांनी. परीक्षेच्या काळात राष्ट्र गेलं आणि त्यासोबत नागरिकत्व गेलं, असं सर्रास घडतं. राष्ट्र परत उभं करता येतं. मोडलेले नागरिकत्वाचे दिवस मात्र पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.

छाननीत बाद झालात तर कारण कलमासकट लेखी मागा. न्यायाधीश व्हायला निघालेल्या माणसानं एवढं मागणं गैर नाही. तेवढ्यावरून तुमची तयारीही दिसते.

जाहीरनाम्यात काय लिहावं? माझा पहिला मसुदा पंधराशे शब्दांचा झाला आणि त्यात घोषणाच जास्त आहेत.
— एक वाचक, महाल

'निष्पक्ष, निर्भीड, पारदर्शक' हे तिन्ही शब्द काढा. समोरच्या उमेदवारानंही तेच लिहिलेलं असतं. चारशे ते सहाशे शब्द पुष्कळ झाले. मतदार मोबाइलवर वाचतो आणि तिसऱ्या स्क्रोलनंतर सोडून देतो.

पहिल्याच परिच्छेदात उपलब्धता लिहा, आकड्यांत. सिममधली न्यायालयं पक्षपातापेक्षा गैरहजेरीनं जास्त मरतात. प्रकरण दाखल होतं, तीनपैकी दोन न्यायाधीश गायब असतात, सहा आठवड्यांनी निकाल येतो तोवर ज्या मंत्र्याविरुद्ध तक्रार होती त्याची मुदतही संपलेली असते. म्हणून असं लिहा: 'रोज रात्री ९ ते ११, भारतीय वेळ. अर्ज दाखल करून घ्यायचा की नाही ते ७२ तासांत सांगेन. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद संपल्यावर सात दिवसांत मसुदा सहकाऱ्यांपुढे ठेवीन. ४ ते २० डिसेंबर परीक्षा आहे, तेव्हा फक्त तातडीची प्रकरणं पाहीन.' ही परीक्षेची ओळ लपवू नका. आधी सांगितलेली रजा मतदार विसरतो, न सांगितलेली पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतो.

मग केलेलं काम. पदांची यादी नको. 'नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ ची दुरुस्ती मी लिहिली', 'अमुक प्रकरणात त्रयस्थ म्हणून टिपण दिलं, बहुमताच्या निकालात त्यातला दुसरा मुद्दा घेतला गेला', असं, दुव्यासकट. दोन-तीन पुरेत.

त्यानंतर अर्थ लावण्याची पद्धत. इथे तुम्ही खरे उघडे पडता, म्हणून बहुतेक जण ही जागा गाळतात. निदान क्रम तरी सांगा. उदाहरणार्थ: आधी कलमाचे शब्द, दोन अर्थ निघत असतील तर या न्यायालयाचे जुने निकाल, तेही गप्प असतील तर विधेयकावर सभागृहात झालेली चर्चा, आणि तरीही सुटलं नाही तर नागरिकाचा हक्क कमीत कमी कापणारा अर्थ. हा क्रम कुणाला पटणार नाही, चालेल. पटला नाही म्हणून गेलेलं मत प्रामाणिकपणे गेलं.

शेवटी आपले लागेबांधे. कोणत्या पक्षात होतात, कुणाच्या मंत्रिमंडळात होतात, कोणत्या प्रकरणांत बसणार नाही. हे विरोधकाच्या तोंडून बाहेर येण्याआधी तुमच्याकडून आलेलं बरं.

प्रचारात एकानं विचारलं, 'गेल्या महिन्यात परराष्ट्रमंत्र्याला काढलं ते बरोबर होतं का?' ते प्रकरण न्यायालयात येणार हे उघड आहे. उत्तर दिलं तरी फसतो, नाही दिलं तरी पळपुटा ठरतो.
— एक वाचक, कामठी

हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत येतो, आणि विचारणारा बहुधा तुम्हाला फसवायलाच विचारत असतो. नुसतं 'बोलू शकत नाही' म्हणून थांबलात तर खरंच पळपुटे दिसाल. असं उत्तर द्या:

'हे प्रकरण न्यायालयापुढे येऊ शकतं, म्हणून ते बरोबर की चूक हे सांगणार नाही. आलंच तर मी तीन गोष्टी याच क्रमानं पाहीन. काढण्याचा अधिकार कोणत्या कलमात आहे? त्या कलमात आधी नोटीस द्यायची अट आहे का? असेल तर नोटीस कधी आणि कुठे दिली गेली? मंत्री चांगला होता की वाईट, हा प्रश्न माझ्यापुढे नसेल.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण तिथे न्यायालयाचं काम कुठे संपतं ते तुम्ही दाखवलेलं असतं. मत सांगणं आणि वचन देणं यांत अमेरिकेतही असाच फरक झाला. वादग्रस्त कायदेशीर मुद्द्यांवर न्यायाधीशपदाच्या उमेदवारानं मत मांडू नये, असा मिनेसोटा राज्याचा नियम होता. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये रद्द केला. पण 'अमुक निकाल देईन' अशा वचनांवरची बंदी त्या प्रकरणात प्रश्नाखाली नव्हती. जुन्या, संपलेल्या निकालांवर मात्र मोकळेपणानं बोला. 'त्या निकालाचा शेवट मला पटतो, तिसऱ्या परिच्छेदातलं कारण पटत नाही' असं म्हणणारा उमेदवार विरळा, आणि तो लक्षात राहतो.

मी आणि माझा रूममेट एकाच होस्टेलच्या वायफायवर खेळतो. त्यानं मला मत दिलं तर बनावट खातं म्हणून दोघंही उडू का?
— एक विद्यार्थी, अंबाझरी परिसर

न सांगता दिलं तर नक्की संशय येईल. व्यवस्थापकांना आयपी पत्ता एकच दिसतो आणि मतमोजणीच्या रात्री 'डबल खातं' अशी बोंब उठते. निवडणूक जाहीर होण्याआधीच, दोघांनी वेगवेगळं, व्यवस्थापकांना कळवा: आम्ही दोन माणसं आहोत, नेट एक आहे. काही ठिकाणी व्हॉइस चॅनलवर दोघांना एकाच वेळी बोलायला लावतात. बोला. व्हीपीएन लावून वेगळं दिसायचा प्रयत्न करू नका, पुष्कळ सिममध्ये व्हीपीएनवरून नागरिकत्वच नाकारतात. आणि त्याचं खातं तुमच्या लॅपटॉपवर कधीही उघडू देऊ नका, 'फक्त एक मत टाकायचं होतं' म्हणूनसुद्धा नाही.

नेशनस्टेट्समध्ये एका माणसाला हवी तेवढी राष्ट्रं बाळगता येतात. जागतिक सभेत, म्हणजे खेळातल्या संयुक्त राष्ट्रसंघात, मात्र त्यांतलं एकच. रीजनच्या निवडणुकीतही मत माणसागणिक एक, राष्ट्रागणिक नव्हे.

पहिल्या फेरीत मी पुढे होतो, तरी हरलो. हा काय प्रकार?
— एक वाचक, इतवारी

पसंतीक्रमाचा. नागपूर पदवीधर मतदारसंघात मतपत्रिकेवर १, २, ३ लिहिता ना, तसाच. आकड्यांत पाहा. जागा एक, मतं ४१. तुम्हाला पहिल्या पसंतीची १७, दुसऱ्याला १३, तिसऱ्याला ११. जिंकायला २१ हवीत, ती कुणालाच नाहीत. तिसरा बाद. त्याच्या ११ मतपत्रिकांवर दुसरी पसंती पाहिली तर २ तुमच्याकडे आली, ८ दुसऱ्याकडे गेली, एकावर पुढची पसंतीच नव्हती. तुम्ही १९, तो २१.

म्हणजे तुम्हाला हरवलं ते तिसऱ्याच्या मतदारांनी, आणि ते तुमच्यावर का रागावले होते हे तुम्हालाच ठाऊक असेल. पसंतीक्रमात 'मला दुसरी पसंती द्या' हे मागणं सगळ्यांत स्वस्त पडतं. तिसऱ्या उमेदवाराच्या जाहीरनाम्याखाली एक खरा, सभ्य प्रश्न विचारला तरी काम होतं. तीन जागा एकदम भरायच्या असतील तर कोटा निघतो: वैध मतं भागिले जागा अधिक एक, पूर्णांक घ्या आणि एक मिळवा. ४१ भागिले ४ म्हणजे १०.२५, म्हणून कोटा ११. कुठे कुठे मतपत्रिकेवर 'पुन्हा उमेदवारी मागवा' असाही पर्याय असतो. एकटेच उभे असाल तरी त्याला हलकं घेऊ नका.

कायद्याची पदवी नाही, इंग्रजीही जेमतेम. जमेल का?
— एक वाचक, उमरेड

पदवी लागत नाही. उलट विधी विद्यार्थ्यांची एक खोड नडते: केशवानंद भारती, १९७३, तेरा न्यायाधीश, मूलभूत चौकट (संविधानाचा जो गाभा संसदेलाही बदलता येत नाही), असं सगळं आणून टाकायचं. सिमच्या न्यायालयावर भारताचा निकाल बंधनकारक नाही. तिथलं संविधान दोन तृतीयांशांनी बदलता येतं असं लिहिलं असेल तर मूलभूत चौकट त्यात आहे हे त्याच कागदावरून दाखवावं लागेल.

इंग्रजीचं म्हणाल तर छोटी वाक्यं लिहा. 'शॅल' आणि 'मे' यांत गल्लत केलीत तर मात्र कोणी सोडणार नाही. पहिल्यात करावंच लागतं, दुसऱ्यात करता येतं. 'डू द नीडफुल', 'प्रीपोन' आणि लाख-कोटी टाळा. पलीकडच्याला कळत नाहीत.

निवडून आलो आणि पहिलंच प्रकरण माझ्या प्रचारप्रमुखाचं. बसू की नको?
— एक वाचक, धरमपेठ

नका बसू. आपल्या उच्च न्यायालयांत वकील ज्याला 'नॉट बिफोर मी' म्हणतात, ते एका ओळीत लिहा आणि बाजूला व्हा. अमेरिकेत एका कोळसा कंपनीच्या प्रमुखानं वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायाधीशाच्या निवडणुकीसाठी सुमारे तीस लाख डॉलर ओतले आणि पुढे त्याच कंपनीच्या अपिलात तो न्यायाधीश बसला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की त्यानं बसायला नको होतं.

सिममध्ये अडचण वेगळी आहे. तिथे सगळेच सगळ्यांना ओळखतात. ओळख आहे म्हणून प्रत्येक वेळी उठलात तर न्यायालयच रिकामं होईल. आम्ही अशी रेघ ओढतो: पक्षकार तुमच्या मंत्रिमंडळात, प्रचारात किंवा रोजच्या खासगी गटात असेल तर उठा, जो कायदा तुम्ही स्वतः लिहिला त्याची वैधता तपासायची असेल तर उठा, नुसतं एकाच पक्षात असाल तर जाहीर करा आणि बसा. उठल्यावर प्रकरणाच्या चॅनलमधूनही बाहेर पडा. बाजूला झालेला न्यायाधीश आतली चर्चा वाचत बसलाय, हे एका स्क्रीनशॉटनं बाहेर येतं. तिघांतून एक उठल्यावर दोघांत बरोबरी झाली तर काय, हे तुमच्या न्यायालयाच्या नियमांत नसेल, तर निवडून आल्यावर पहिलं काम तेच. बदली न्यायाधीश कोण नेमणार ते प्रकरण येण्याआधी ठरवून घ्या.

निकाल लिहायचा कसा? उमेदवारांना नमुना निकाल लिहून दाखवायला सांगितलं आहे.
— विधी शाखेची विद्यार्थिनी, वर्धा रोड

पुन्हा तुम्हीच. छान. एक सोपं दिसणारं प्रकरण घेऊ.

कायदा म्हणतो: 'मतदान किमान पाच दिवस चालेल.' निवडणूक अधिकाऱ्यानं सोमवारी रात्री १० वाजता मतदान उघडलं आणि शनिवारी रात्री ८ वाजता बंद केलं. विजेता १४ मतांनी पुढे. हरलेला आला: पाच दिवस झालेच नाहीत, निवडणूक रद्द करा.

आधी मोजा. सोमवार रात्री १० ते शनिवार रात्री १० म्हणजे १२० तास. दोन तास कमी, म्हणजे ११८. आता 'दिवस' म्हणजे काय? चोवीस तासांचा पट्टा धरला तर नियम मोडला. कॅलेंडरचा दिवस धरला तर मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे चार पूर्ण, सोमवार आणि शनिवार अर्धवट. अर्धवट दिवस मोजायचे का? आपल्या १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमात कलम ९ आहे. 'पासून' म्हटलं की पहिला दिवस सोडायचा, 'पर्यंत' म्हटलं की शेवटचा धरायचा. त्या हिशेबानं शनिवार धरून पाच होतात. पण ते कलम तुमच्या सिमला लागू नाही आणि तुमच्या कायद्यात 'पासून-पर्यंत' हे शब्दच नाहीत. तेव्हा तुमच्या सिमच्या इतर कायद्यांत 'दिवस' आणि 'तास' कसे वापरलेत ते शोधा. एखाद्या ठिकाणी '७२ तास' असं लिहिलं असेल, तर कायदा करणाऱ्यांना तास म्हणायचे तेव्हा ते तास लिहीत, असा मुद्दा निघतो. पंधरा मिनिटं शोधलं की असं काहीतरी सापडतं, आणि निकाल त्यावर उभा राहतो.

समजा नियम मोडला असं ठरलं. तरी निवडणूक रद्द होतेच असं नाही. नवखे इथे घसरतात. चूक झाली का, हा एक प्रश्न. चुकीचा उपाय काय, हा दुसरा. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १०० नुसार, नियमांचं पालन झालं नाही एवढ्यावर निवडणूक रद्द होत नाही. त्यामुळे निकालावर वस्तुतः परिणाम झाला हे दाखवावं लागतं. विदर्भातल्या निवडणूक याचिका नागपूर खंडपीठापुढे चालतात, तेव्हा वाद अनेकदा याच वाक्याभोवती घुटमळतो. तुमच्या प्रकरणात विचारा: त्या दोन तासांत कुणाला मत द्यायचं होतं आणि देता आलं नाही? मागच्या निवडणुकांत शेवटच्या दोन तासांत किती मतं पडली होती? तीन पडली असतील तर १४ चा फरक भरून निघत नाही. मग आदेश असा: नियम मोडला, निकाल कायम, पुढच्या वेळी अधिकाऱ्यानं बंद करण्याची वेळ आधी जाहीर करावी.

आता बांधणी. वर एका वाक्यात प्रश्न, त्याखाली एका वाक्यात उत्तर. वाचक खाली जाईलच असं नाही. मग दोन्ही बाजूंना मान्य असलेली वस्तुस्थिती तारखा-वेळांसह. मग कलम, शब्दशः. मग कारणमीमांसा. हरणाऱ्या बाजूचा सगळ्यांत बळकट मुद्दा तिच्या वकिलानं मांडला त्याहून चांगला मांडा, आणि मग तो का टिकत नाही ते सांगा. शेवटी आदेश, क्रमांक घालून: कोणी, काय, कधीपर्यंत. आठशे ते बाराशे शब्द. भिन्नमत लिहिणारा सहकारी असेल तर त्याला मसुदा दोन दिवस आधी द्या.

आदेश लिहिताना आणखी एक भान ठेवा. न्यायालयाच्या हाती ना पोलीस ना कुलूप. नेशनस्टेट्समध्ये रीजनमधून कुणाला काढायचं, परत घ्यायचं, ही बटणं डेलिगेट (जागतिक सभेतला रीजनचा प्रतिनिधी) आणि काही अधिकाऱ्यांकडेच असतात. 'बंदी रद्द' एवढंच लिहिलं तर कुणीच काही करत नाही. 'डेलिगेटनं ४८ तासांत नाव बंदीच्या यादीतून काढावं आणि काढल्याचं इथे कळवावं' असं लिहा.

पुरावा म्हणून सगळे स्क्रीनशॉट आणतात. खरा-खोटा कसा ओळखायचा?
— एक वाचक, हिंगणा

चित्रावरून नाहीच ओळखता येत. ब्राउझरमध्ये कुठलाही मजकूर दोन मिनिटांत बदलून फोटो काढता येतो. संदेशाचा दुवा मागा. डिस्कॉर्डच्या प्रत्येक संदेशाच्या क्रमांकातच त्याची वेळ गुंफलेली असते, १ जानेवारी २०१५ पासूनच्या मिलिसेकंदांत. त्यामुळे संदेश कधीचा, हा वाद क्रमांकावरून मिटतो. नंतर बदललेल्या संदेशावर तशी खूण दिसते, पण आधी काय लिहिलं होतं ते दिसत नाही. स्वतःचा संदेश स्वतः पुसला तर सर्व्हरच्या नोंदवहीत ते येत नाही. दुसऱ्याचा संदेश व्यवस्थापकानं पुसला तर येतं, आणि ती नोंद ४५ दिवस राहते. म्हणून अर्ज दाखल झाल्या दिवशीच व्यवस्थापकांना 'नोंदी जपून ठेवा' असा आदेश द्या. दीड महिन्यानं जागे झालात तर हाती काही लागत नाही.

दुवा मिळत नसेल तर त्या संभाषणातल्या दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्र प्रत मागा आणि दोन्ही ताडून पाहा. खऱ्या न्यायालयांतही इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं; पूर्वी ते पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे.

माझी मुलगी अकरावीत आहे. ती अशा खेळात 'न्यायाधीश' झाली आहे आणि एका निकालानंतर तिला घाणेरडे संदेश येत आहेत. ती म्हणते, 'आई, मीच त्याच्यावर खटला चालवते.' काय करू?
— एक आई, मनीषनगर

खटला नको. सिमचं न्यायालय खेळातल्या कायद्यापुरतं असतं. धमकी, लैंगिक स्वरूपाचे संदेश, फोटो मागणं, घरचा पत्ता शोधून काढणं हे खेळातले गुन्हे नाहीत, ते खरे आहेत. जिच्यावर हल्ला झाला तिनंच न्यायाला बसणं तर दोन्हीकडे चूक.

तिला संदेश पुसू देऊ नका. आधी दुवे आणि संपूर्ण पडद्याचे फोटो तारखेसह साठवा, मग त्या खात्याला ब्लॉक करा, मग सिमच्या व्यवस्थापकांना आणि ज्या मंचावर संदेश आले त्यांना कळवा. धमकी किंवा लैंगिक मजकूर असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. तिच्या प्रोफाइलवर खरं नाव, शाळा, क्लासची वेळ यांपैकी काही असेल तर आजच काढा. पद सोडायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. त्या एका प्रकरणापुरतं बाजूला होणं मात्र तिला नियमानंच भाग आहे.

हरलो. पुन्हा कधी उभं राहावं?
— एक वाचक, काटोल

पुढच्याच निवडणुकीला, पण मधल्या काळात न्यायालयात दिसा. कुणाचं तरी वकीलपत्र घ्या, पक्षकार नसलात तरी परवानगी मागून दोन-तीनशे शब्दांचं टिपण द्या. महाधिवक्त्याच्या कार्यालयात साहाय्यक बहुधा हवेच असतात. जुन्या निकालांची कलमवार सूची बहुतेक सिममध्ये नसते. ती तयार करा. रोज रात्री अर्धा तास दिला तर महिन्याभरात होते, आणि पुढच्या वेळी तुमच्याविरुद्ध उभा राहणारा उमेदवारही तीच उघडून अभ्यास करत असेल.